मुन्शी अप्पांचं उर्दू

आमच्या भालकीच्या वकिली ऑफिसात फायलींपेक्षा किस्सेच जास्त तुंबलेत! तुंबणारच की. मुन्शी अप्पा बहात्तर वर्षांचे, ज्युनिअर वकील श्रेया चोवीस वर्षांची, आणि मधे मी, दोन्हीकडून बोलणी खाणारा.

*

श्रेयाने आल्या आल्या ऑफिसचा व्हॉट्सअॅप ग्रुप काढला. मेसेज आला की अप्पा समोरच्या टेबलावरून ओरडायचे, "पोचलं!"

"अप्पा, मला निळी खूण दिसतीय."

"खुणेला आवाज हाय का, पोरी?"

*

एकदा अप्पांनी ग्रुपवर मोठ्या मेहनतीने टाईप केलं, 'उद्या तारीख आहे.' श्रेयाने उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवला. अप्पा खवळले!

"एलएलबी झालीस आन् अंगठा उठवायलीस?"

*

चष्म्याशिवाय अप्पांना काही दिसत नाही. एका सकाळी त्यांनी खुंटीवरच्या माझ्या काळ्या कोटालाच "नमस्कार, वकीलसाब" घातला.

श्रेया हसून हसून बेजार. "अप्पा, सर अजून आले न्हाईत!"

"ठाव हाय मला. कोट टायमावर आलाय, मी त्यालाच मानतो."

मी दारातच उभा होतो. गुपचूप आत जाऊन बसलो.

*

अप्पांचा सगळा रुबाब उर्दूवर. निजामाच्या काळातले शेतीचे कागद उर्दूत, आणि आमच्याकडे ते वाचणारे एकटे अप्पा. "मी गेलो की तुमचे कागद मुके!" हे दिवसातून एकदा तरी व्हायचंच.

ते ऐकून ऐकून श्रेयाने बिदरला रविवारचा उर्दूचा क्लास लावला. वर्षभरात फडाफडा वाचायला लागली. अप्पांचं तोंड उतरलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "वकीलसाब, पोरगी वाचायलीय. आता माझी खुर्ची कामून ठेवताल?"

मला फार वाईट वाटलं. म्हणालो, "चहा घ्या, अप्पा."

*

त्याच आठवड्यात दोन भाऊ आले. विहिरीच्या पाण्यावरून दोघांचं बोलणं बंद. आजोबांच्या पेटीत एक उर्दू कागद सापडला होता. त्यात असेल ते दोघांना कबूल, नाहीतर कोर्ट!

अप्पांनी चष्मा चढवला, घसा साफ केला आणि वाचलं, "एक दिवस पाणी थोरल्याला, एक दिवस धाकट्याला."

धाकट्याला पटेना. "मॅडमला बी वाचू द्या."

श्रेयाने कागद घेतला. वरपासून खालपर्यंत वाचला. मग माझ्याकडे वाकून हळूच म्हणाली, "सर, ही लग्नाच्या किराण्याची यादी आहे. तूरडाळ, गूळ, पत्रावळ्या."

अप्पा खिडकीबाहेर बघायला लागले.

"काय लिहिलंय, मॅडम?" थोरल्याने विचारलं.

"अप्पा म्हणाले तेच," श्रेया मोठ्याने म्हणाली. "आन् खाली लिहिलंय, बांधावरचा आंबा दोघांच्यात."

धाकटा अप्पांकडे वळला. "आंब्याचं तुम्ही कामून सांगितलं न्हाई?"

अप्पांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला सावकाश पुसला.

"बारीक अक्षर हाय, बाबा. तेवढं आता पोरगीच वाचती!"