बायांचे पंखे

मलकापूरच्या आमच्या जिनिंगमध्ये डिमांड कंट्रोलर बसवायला आलेल्या त्या माणसाने मला वात आणला होता. विजेचा भार मंजुरीपुढे जाऊ लागला की ठरलेल्या क्रमाने एकेक गोष्ट आपोआप बंद करायची, एवढंच त्या डबीचं काम. पण टेस्टरने पाठ खाजवत तो पुन्हा पुन्हा विचारी, "साहेब, पहिले काय बंद करू?"

"कापूस निवडणाऱ्या बायांचे पंखे," मी पुटपुटलो.

"हळू काऊन बोलून राह्यले? त्यायले आयकू द्या ना!"

चिडून मी तेच मोठ्याने बोललो. बायांनी नुसतं वर पाहिलं.

अजून भर दुपारी त्यांचे पंखे थांबतात. माझ्या केबिनचा एसी चालूच असतो. क्रम कसा बदलायचा, तेही तो मला शिकवून गेलाय. मी बदललेला नाही.