वासुदेव भिड्यांचं नाक

वासुदेव भिडे मूळचे रत्नागिरीचे. भिड्यांच्या सात पिढ्यांत कोणी मासा पानात घेतला नव्हता, आणि हे गृहस्थ जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावर चौतीस वर्षं माशांचं तेल हुंगत बसले. १९६४ साली ते तिथल्या कारखान्यात लागले, तेव्हा साबणासाठी व्हेलचं तेलही पिंपं भरभरून यायचं. पुढे व्हेल बंद झाला, कॉड आणि हेरिंग उरले, आणि १९९८ साली कारखान्यालाच टाळं लागलं. प्रयोगशाळा काहीही म्हणो, पिंप उघडल्यावर शेवटचा शब्द भिड्यांच्या नाकाचा. त्या नाकाचा तोरा असा, की आमटीत हिंग कमी पडला तर ते दारातूनच सांगत.

अर्थात दारातूनच. बाहेर बर्फ का असेना, बागेतल्या खोपटात कामाचे कपडे उतरवल्याशिवाय अहिल्याबाई नवऱ्याला घरात घेत नसत. आतून विचारत, "आज कोण?" आणि त्याप्रमाणे धुणं ठरे. कॉडला सोडा, हेरिंगला व्हिनेगर, व्हेलचा कोट तीन दिवस दोरीवर.

२००६ साली गावाने कारखान्याचं संग्रहालय करायला घेतलं. ते काम बघणाऱ्या फ्राउ हिन्रिक्स या बाईंना तळघरात तेलाच्या तीन बाटल्या सापडल्या, चिठ्ठ्या ओलीने गळून गेलेल्या.

"हेर भिडे," त्या म्हणाल्या (हेर म्हणजे तिथलं श्रीयुत), "तुम्ही वासावरून ओळखा. मग दर रविवारी लोकांना कारखान्याचा इतिहासही तुम्हीच सांगा!"

भिड्यांनी मान डोलावली आणि घरी येऊन जेवले नाहीत. तीन वर्षांपूर्वीच्या तापात त्यांचं नाक गेलं होतं. कापूर आणि कॉफी त्यांना सारखीच. हे त्यांनी कोणालाही सांगितलं नव्हतं, अहिल्याबाईंनासुद्धा. नाक वजा केलं तर भिडे म्हणून उरतं काय, याचीच त्यांना धास्ती होती.

ठरल्या दिवशी अहिल्याबाई म्हणाल्या, "मीही येते."

फ्राउ हिन्रिक्सनी पहिली बाटली उघडली. भिड्यांनी ती नाकाशी नेली, डोळे मिटले. काही नाही. बाटली हलवून त्यांनी पुन्हा हुंगली.

"बघू इकडे." अहिल्याबाईंनी बाटली घेतली आणि मराठीत म्हणाल्या, "अहो, हा सोड्याने जायचा. दोन पाण्यांत."

भिडे बघतच राहिले. मग जर्मनमध्ये म्हणाले, "कॉड."

दुसरी बाटली. "याला व्हिनेगर. बाह्यांना तर हमखास."

"हेरिंग!"

तिसऱ्या बाटलीला अहिल्याबाईंनी पदरच नाकाला लावला. "हाच तो मेला! तीन दिवस दोरीवर. शेजारीण महिनाभर बोलली नव्हती माझ्याशी."

"व्हेल," भिडे हळूच म्हणाले.

फ्राउ हिन्रिक्स टाळ्या पिटत चिठ्ठ्या आणायला धावल्या.

"तुला कधी कळलं?" भिड्यांनी विचारलं.

"तीन वर्षं झाली. आमटी करपली होती, आणि तुम्ही दोनदा वाढून घेतलीत. एरवी नावं न ठेवता जेवलात कधी?"

"बोलली नाहीस."

"तुम्ही बोललात?"

फ्राउ हिन्रिक्स पेन उघडून परत आल्या. "तर लिहू ना, ओळख पटवली वासुदेव भिडे यांनी?"

"नाइन, नाही. अहिल्या भिडे यांनी."

"आणि तुम्ही, हेर भिडे?"

"मी यांना कपडे पुरवायचो. रविवारी दोघंही येऊ. इतिहास मी सांगेन, वास अहिल्या ओळखेल."

भिडे बाटली पुन्हा नाकाशी नेऊ लागले, तशी अहिल्याबाईंनी ती काढून घेतली. शर्टावर दोन थेंब पडलेच होते.

"चला आता घरी," त्या म्हणाल्या. "आणि आधी खोपटात."