मुराळी कोण आला

हल्ली याला संगीतोपचार म्हणतात. ऐंशीच्या दशकात रत्नागिरीतल्या निराधार मुलींच्या वसतिगृहात मी पेटी शिकवायला जायची, तेव्हा त्याला 'पोरींना गुंतवून ठेवणं' म्हणत. मला ते मुळीच आवडायचं नाही, पण शिकवणीच्या बाईला विचारतो कोण?

गौरी जवळ आल्या की मुली फेराची गाणी स्वतःच जुळवत. मधे उभ्या राहिलेलीला विचारायचं, "मुराळी कोण आला?" माहेरी न्यायला आलेल्या माणसावर तिने ओळी रचायच्या, बाकीच्यांनी "जा गो बाय जा" म्हणायचं. न्यायला कुणीच नसलेल्या या पोरी कधी एसटीच्या ड्रायव्हरला मुराळी करत, कधी मिरकरवाडा बंदरातल्या एखाद्या होडीच्या तांडेलाला, आणि हसून लोळत.

एक लहानगी मात्र आई विहिरीत पडून गेल्यापासून बोलतच नव्हती. हात धरून फेरात फिरायची, एवढंच. तिचा काका तिला घरी न्यायला येणार होता, कागदही झाले होते. आदल्या दिवशी ती आपणहून मधे उभी राहिली.

"काका आला, काका आला,
आयशीची कळशी घेऊन आला,
आयशीला पाण्यात ठेवून आला."

पोरींनी सवयीने सूर धरला, "जा गो बाय जा." मी पेटी बंद केली. मला भीती वाटली, सरळ सांगते.

अधीक्षक बाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "गाण्यावरून चुलत्याला अडवू? पोलिसांनी अपघात लिहिलाय." बाई वाईट नव्हत्या, पण नियमाबाहेर पाऊल टाकायची त्यांना सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी काका खाऊचा पुडा घेऊन आला, अधीक्षक बाईंच्या टेबलासमोर बसला. बोलायला अगदी गोड. मी मुलीला माझ्या पाठीशी घेतलं आणि दारात जमलेल्या बाकीच्यांना मुद्दाम तेच गाणं म्हणायला लावलं. शेवटी "जा गो" मात्र एकीनेही म्हटलं नाही. हे मी त्यांना सांगितलं नव्हतं.

काकाचं हसू जागच्या जागी राहिलं. "पण ही तर तेव्हा घरात झोपलेली," तो म्हणाला.

त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं. अधीक्षक बाईंनी कागद खणात सारले. "तिला ताप आहे. आज नेता येणार नाही." तो गेला, तो समोरच्या फणसाखाली जाऊन थांबला. गावची एसटी सुटून गेली तरी हलला नाही.

मुलीने माझा पदर ओढला. "बाई, त्यो उद्या येल?" ते गाणं सोडलं तर इतक्या महिन्यांनी ती पहिल्यांदा बोलत होती. मी अधीक्षक बाईंकडे पाहिलं.

"त्याने वरून हुकूम आणला," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तर मला फाटक उघडावं लागेल."