शिवणताईंचा अंगठा

चहा उकळत होता, यांचा एक मोजा सापडत नव्हता, आणि दार धडाधडा वाजलं. उघडते तर समोरच्या शिवणताई, हातात कचऱ्याचा रिकामा डबा.

"अगं, मागे दार लागलं! आत गॅसवर दूध आहे!"

किल्ली कुठंय, हे विचारण्यात अर्थ नव्हता. त्यांच्या यजमानांना आमचा सगळा जिना 'संपलंच भाऊजी' म्हणतो. टीव्ही आला तेव्हा "रेडिओ संपलाच" म्हणून त्यांनी घरचा रेडिओ देऊन टाकला. आता जुनी गाणी ऐकायला न्हाव्याच्या दुकानात जाऊन बसतात, दाढी झालेली असली तरी. तयार कपड्यांची दुकानं निघाली तेव्हा "शिवणकाम संपलंच" म्हणत मशीन विकायला काढलं. ताईंनी त्यावर चादर टाकली आणि 'टेबल' म्हणून ते वाचवलं. पुढे झालं काय? तयार कपडे कुणालाच धड बसेनात. लांबी कमी करा, कंबर सैल करा. ताईंना मान वर करायची फुरसत नाही. लेकीचं शिक्षण त्या 'टेबला'वरच झालं. भाऊजी ढिम्म!

गेल्या महिन्यात किल्ल्या संपल्या. दाराला अंगठ्याचं कुलूप आलं. पण सुई धरून आणि भांडी घासून ताईंच्या अंगठ्यावर रेषाच उरल्या नाहीत. त्या दाबत राहतात, कुलूप गोड आवाजात म्हणतं, "पुन्हा प्रयत्न करा."

"बी.ए. झाले मी," ताई अंगठा पुसत म्हणाल्या, "आणि या माणसानं मला अंगठाबहाद्दर केलं. त्यातही नापास!"

भाऊजींना फोन लावला, तर तो बंद दारामागेच वाजला.

जिन्यात करपट वास सुटला तेव्हा स्वारी फेरफटका मारून, शीळ घालत वर आली. अंगठा टेकवला, दार उघडलं. ताईंनी धावत जाऊन गॅस बंद केला. दुधाचा कोळसा झालेला. आज द्यायचा गिऱ्हाइकाचा पांढरा सदरा खुंटीवर धुरात न्हालेला.

"कुलूप अजून शिकतंय गं," भाऊजी म्हणाले. "वर्षभरात बघ, नुसता चेहरा बघून उघडेल."

"माझा आत्ताचा चेहरा बघून तुमच्या कुलपाची छाती व्हायची नाही!"

मला हसू फुटलं. ताईंना नाही. काळं पातेलं ओट्यावर आपटून त्या म्हणाल्या,

"मला एक किल्ली हवी. साधी, लोखंडाची. आजच."