नऊ पावलं, उजव्या हाताला

मावशींच्या कमरेला कायम सुतळीची गुंडी खोचलेली असे. काही मोजायचं निघालं की त्यांचा हात आधी तिकडे जाई. खिडकीचा पडदा असो की फळीवर नवा कुकर मावेल का हे बघायचं असो, त्या सुतळी लावत, गाठ मारत आणि ती गाठ दोन बोटांत धरून दुसऱ्या खोलीत जात. मी एकदा त्यांना पोलादी टेप आणून दिला. त्यांनी तो ओढून पाहिला, सटकन आत जाताना पाहिला आणि माझ्या हातात परत ठेवला.

"हे तुमच्यावानीच हाय, भाऊ. बाहेर आलं न्हाई तं आत पळतंय."

मी तेव्हा जालन्यात, मस्तगडमधल्या आमच्या घरी बसून पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम करत होतो. पत्नी दिवसभर तिच्या नोकरीवर असे. समोरच्या खोलीत मी आणि लॅपटॉप, मागच्या खोलीत आई आणि मावशी. आई पिंपळगाव रेणुकाईला प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. निवृत्तीनंतर काचबिंदूने तिची नजर गेली. सोबतीला कोणीतरी हवं म्हणून मावशी आल्या. त्या बदनापूरहून सकाळच्या गाडीने येत आणि संध्याकाळच्या गाडीने परतत. त्याआधी कितीतरी वर्षं त्यांनी मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, दाभण घेऊन पोत्यांची तोंडं शिवली होती. खांदा धरला तेव्हा दाभण सुटलं, सुतळी तेवढी राहिली.

आल्या त्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी आईच्या पलंगापासून न्हाणीघराच्या कडीपर्यंत, भिंतीच्या कडेने, कमरेच्या उंचीवर सुतळी बांधली. दर पावलाला एक गाठ, आणि ती आईच्या पावलाला. आईला पुढे चालवून त्या मागून गाठी मारत गेल्या होत्या. नऊ गाठी झाल्या की उंबरा, तिथे दुहेरी गाठ. मी म्हणालो, एवढा खटाटोप कशाला, हाक मारली की कोणी ना कोणी असतंच घरात. त्या कामावरून मान वर न करता म्हणाल्या, "हाक मारावी लागली की माणूस आपल्याच घरात पाहुणा होतंय."

दोन महिन्यांत आईला दोरी धरायची गरज उरली नाही. ती एकटी उठे, तोंड धुई, आपले कपडे आपण घडी करून ठेवी. शेजारचे लोक म्हणत, बाईंना दिसत नाही हे सांगूनही खरं वाटत नाही. त्याचं श्रेय मी माझ्या घराला देत असे.

माझी एक सवय इथे कबूल केली पाहिजे. कॉल चालू असताना कोणी बोलायला आलं, की मी त्याच्याकडे न बघता एक बोट वर करायचो. एक मिनिट. जेवायला बोलावलं तरी बोट, आईचं औषध संपलं असं सांगितलं तरी बोट. मावशी म्हणत, "तुमचं एक मिनिट आमच्या पॅसेंजरवानी हाय. येऊन राह्यलंय म्हणत्यात, येत न्हाई." आई हसायची. मीही हसायचो आणि पुन्हा लॅपटॉपच्या पडद्याकडे वळायचो.

मी दिवसभर करतो काय, असं त्यांनी एकदा विचारलं. मी सांगितलं की एका बँकेची सगळी माहिती जुन्या यंत्रणेतून काढून नव्या यंत्रणेत न्यायची आहे.

"म्हंजे तुम्ही बी सामानच हलवून राह्यले."

"तसंच समजा."

"काही फुटतं का त्याच्यात?"

"फुटू देत नाही," मी अभिमानाने म्हणालो.

मग कंपनीचा निरोप आला की पहिल्या तारखेपासून सगळ्यांनी पुण्याच्या ऑफिसात हजर व्हायचं. बँकेचं कामही त्याच महिन्यात शेवटाला आलं होतं. मी एका शनिवारी पुण्याला जाऊन सातव्या मजल्यावरचा फ्लॅट ठरवून आलो. आईला सांगितलं. मावशींना सांगायचं मात्र टाळत राहिलो, कारण आमचं जाणं म्हणजे त्यांचं काम जाणं. शेवटी एका सकाळी घड्या घातलेल्या खोक्यांचा गठ्ठा दारात येऊन पडला आणि जे मला सांगायचं होतं ते त्या खोक्यांनी सांगितलं.

मावशी गठ्ठ्यापाशी थोडा वेळ उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता स्वतःबद्दल विचारतील.

"बाईचं कसं?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, नवीन घर आहे, लिफ्ट आहे, सगळ्या सोयी आहेत.

"लिफ्टचं न्हाई विचारलं मी. किती दिवस हायेत?"

"एकवीस."

"पुरत्यात," त्या म्हणाल्या आणि पदर खोचून आत गेल्या. त्या एकवीस दिवसांत त्यांनी एकाही रविवारची सुट्टी घेतली नाही.

मी खोक्यांची एक यादी संगणकावर केली होती. प्रत्येक खोक्याला आकडा, खोलीला रंग. ती यादी फार सुंदर होती. तिच्याप्रमाणे भरलेली खोकी मात्र तीनच होती, कारण भरायला मी नव्हतो. घर खरं आवरलं ते मावशींनी. त्या एकेक वस्तू उचलून माझ्या दाराशी येत आणि विचारत, हे नव्या घरात कुठं राहणार? उत्तर आलं तर वस्तू खोक्यात, नाही आलं तर बाजूला. माझ्या जुन्या वायरींची एक पेटी होती, पंधरा वर्षांची जमलेली. तिच्यासाठी त्या तीनदा आल्या, मी तीनदा बोट दाखवलं. संध्याकाळी वायरी सुतळीने बांधून भंगारवाल्याकडे गेल्या होत्या. मी चिडलो. त्या शांतपणे म्हणाल्या, "ज्याची जागा सांगता येत न्हाई ते सामान न्हाई, भाऊ. ते वझं हाय."

आईची खोली त्यांनी शेवटी ठेवली होती. एके दुपारी त्या गुंडी हातात घेऊन आल्या. मी कॉलवर होतो, समोर बँकेचे साहेब लोक होते. मी बोट वर केलं. त्या गेल्या नाहीत. मी आवाज बंद करून वैतागून पाहिलं.

"नव्या घरात पलंगापासून न्हाणीघर किती पावलं?"

फ्लॅटचा नकाशा मोबाइलमध्ये होता. मी भराभर हिशेब केला आणि म्हणालो, इथल्याइतकीच, आठ-नऊ.

"आणि कोण्या हाताला?"

त्या शनिवारी दलालासोबत मी त्या खोलीच्या दारात पाच मिनिटं उभा होतो. ते चित्र डोळ्यांसमोर आणलं. "उजव्या," मी म्हणालो.

"बराबर ना?"

"बिलकुल," मी म्हणालो आणि आवाज चालू केला.

पुढचे आठ-दहा दिवस मागच्या खोलीत तालीम चालली. नव्या घरातल्यासारखंच उतरता यावं म्हणून मावशींनी पलंगाची जागा बदलली, नवी सुतळी गाठी मारून तयार केली आणि ती तात्पुरती बांधून आईला रोज चालवलं. उजव्या अंगाला उतरायचं, उजवा हात दोरीला, नऊ पावलं, उंबरा. माझ्या कॉलच्या मधल्या शांततेत मला दोघींचे आवाज ऐकू येत. आई शाळेतल्या पाढ्यासारखं मोजायची आणि मावशी म्हणायच्या, "जल्दी न्हाई करायची, बाई. उंबरा कुठं पळून जात न्हाई."

निघायच्या दिवशी दुपारी टेम्पो भरून गल्लीत उभा राहिला. मी ओट्यावर कानाला हेडफोन लावून बोलत होतो. मावशी पिशवी घेऊन समोर आल्या. त्यांची गाडीची वेळ झाली होती.

"भाऊ," त्या म्हणाल्या.

मी बोट वर केलं.

त्या उभ्या राहिल्या. मला डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्यांची सावली दिसत होती. मग त्या आत गेल्या. माझं बोलणं संपलं तेव्हा ओटा रिकामा होता. आई जिन्याच्या कठड्याला धरून बसली होती, मांडीवर पर्स, पर्समध्ये गाठी मारलेल्या सुतळीची गुंडी. ती म्हणाली, "त्या गेल्या. तुला हाक मारली होती त्यांनी."

पुण्यात पोचल्यावर दोरी लगेच बांधायची, एवढं एकच काम मावशींनी माझ्यावर सोपवलं होतं. सामान उतरेपर्यंत अंधार पडला, मी सकाळवर ढकललं. सकाळी बँकेची नवी यंत्रणा सुरू होण्याचा दिवस होता. पत्नी दूध आणायला खाली गेली होती. मी आईच्या खोलीच्या दारातून जात असताना ती पलंगावरून म्हणाली, "अरे, दोरी बांधतोस ना?"

मी बोट वर केलं. तिच्याकडे बघत, तिला दाखवलं. आणि पुढच्या खोलीत जाऊन बसलो.

थोड्या वेळाने काहीतरी पडल्याचा आवाज आला. मला वाटलं, वरच्या मजल्यावर सुतारकाम चाललं असेल. पत्नी परत आली आणि तिने किंचाळून मला बोलावलं, तेव्हा कळलं. आई खिडकीखाली, खोक्यांच्या मधे पडली होती. डावा हात अंगाखाली होता. तिने हाक मारलीच नव्हती. मी तिला उचलायला वाकलो तेव्हा ती अपराधी आवाजात म्हणाली, "नऊ मोजली रे मी. उंबरा आला नाही."

दवाखान्यातून आईला प्लॅस्टर घालून आणल्यावर मी त्या खोलीच्या दारात उभा राहिलो आणि मला माझी चूक दिसली. दारातून पाहिलं की न्हाणीघर उजव्या हाताला होतं. पलंगावरून ते डाव्या हाताला होतं. मावशींनी पलंगावरून विचारलं होतं. मी दारातून उत्तर दिलं होतं. बँकेची एकही नोंद त्या दिवशी हरवली नाही, सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं.

चार दिवस मी मावशींना फोन केला नाही. पाचव्या दिवशी केला आणि सगळं सांगितलं, दाराचं आणि बोटाचंही. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"कोणता हात मोडला?" त्यांनी विचारलं.

"डावा."

"उशी कोणीकडं हाय?"

"खिडकीकडे."

"मंग उशी दाराकडं करा. पलंग फिरवा. घर फिरत न्हाई, पलंग फिरतो." मग म्हणाल्या, "बाईचा चांगला हात उजवा हाय, शिकलेला बी उजवाच हाय. तिनं पुन्हा शिकायचं न्हाई. शिकायचं ते तुम्ही."

पत्नी जरा बिचकली, कारण पलंग फिरवला की आईचे पाय दक्षिणेला, यमाच्या दिशेला होत होते. आई म्हणाली, "यमाला यायचंच असेल तर त्यालाही दोरी धरूनच यावं लागेल. फिरवा." मी त्या दिवशी ऑफिसला सुट्टी टाकली आणि खिळे ठोकून दोरी बांधली. आई उजव्या अंगाला उतरली, उजव्या हाताने गाठी मोजत गेली. दुहेरी गाठ लागली तशी तिने पाय पुढे करून उंबरा चाचपला आणि मागे न वळता म्हणाली, "आता जा तू."

तीन महिन्यांनी जालन्याच्या घराची किल्ली भाडेकरूला द्यायला गेलो. परतताना बदनापूरला उतरलो. मावशी स्टेशनजवळच्या एका आडतीवर पोती शिवत होत्या. धरलेला खांदा, आणि हातात पुन्हा दाभण. मी समोर जाऊन उभा राहिलो. निरोप घ्यायचा राहिला होता, माफी मागायची राहिली होती. गाडीत मी दोन्ही वाक्यं जुळवली होती.

"मावशी," मी म्हणालो.

त्यांनी वर न बघता एक बोट वर केलं.

मी थांबलो. खिशात फोन दोनदा वाजला, वाजू दिला. त्यांनी ते पोतं शिवलं, त्याच्या शेजारचं शिवलं, सुतळी दातांनी तोडली आणि मग माझ्याकडे पाहिलं. त्या हसत होत्या. मी जुळवलेली वाक्यं कशीबशी बोललो. त्यांनी ती पूर्ण ऐकून घेतली, मधे एकदाही "जाऊ द्या" म्हणाल्या नाहीत. त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. मग विचारलं, "बाईला आता काय पायजे?"

मी सांगितलं, तिला स्वतःचा चहा स्वतः करायचा आहे.

"पलंगापासून सैपाकाचा ओटा किती पावलं?"

उत्तर तोंडावर आलं होतं. मी ते गिळलं. "माहीत नाही, मावशी. मोजून सांगतो."

"तुमच्या पावलांनी नगा मोजू," त्या म्हणाल्या आणि कमरेची सगळी गुंडी काढून माझ्या हातात दिली.

परवा रविवारी आईला पुढे चालवून मी मागून गाठी मारत गेलो. चौदा झाल्या. मावशींना फोन लावला आणि सांगितलं.

"आणि कोण्या हाताला?"

आतल्या खोलीत लॅपटॉप वाजत होता. मी आईच्या पलंगाशी गेलो, तिच्या जागेवर बसलो, पाय उजव्या अंगाला खाली सोडले, डोळे मिटले. फोनमधून मावशींचा श्वास ऐकू येत होता. त्या घाई करत नव्हत्या. मी हात पुढे केला, दोरी सापडली, आणि मग उत्तर दिलं.