पिशवीवाल्या बाई

ब्रह्मपुरीला माझं कॉम्प्युटर सेंटर आहे. बाजाराच्या दिवशी तिथे एक बाई यायच्या. त्या घरून एका कंपनीचे साबण, पावडरी विकायच्या. हाताखाली माणसं जोडावीत म्हणून कंपनीची माहिती अनोळखी लोकांना ईमेलवर पाठवायच्या. मालाची पिशवी मांडीवर घट्ट धरून त्या मजकूर सांगत, मी टाईप करी.

"ओळखीच्याले काऊन नाई पाठवत, बाई?" मी एकदा विचारलं.

"मी दिसली का दार लावून घेतात, भाऊ. माही सख्खी बहीणसुद्धा. फोन भी उचलत नाई. माल गळ्यात मारीन म्हणून भेव वाटते."

उत्तर कधी कुणाचंच आलं नाही. शेवटच्या खेपेला त्यांनी कंपनीची सगळी माहिती खोडायला लावली. बहिणीचा ईमेल दिला आणि एकच ओळ सांगितली: "पिशवी न घेता येईन, दार उघडजो."