मामंजींची सरकारी कवळी

मी लग्न होऊन कवठे महांकाळकडच्या एका गावात आले तेव्हा सासरी बोळकी तोंडं दोन होती आणि कवळी एक. ती सासऱ्यांची. मामंजी पूर्वी पलटणीत होते. तिथल्या डॉक्टरानं किडलेले दात काढून त्यांना ती बसवून दिली होती. देवळीत, पितळी वाटीतल्या पाण्यात ती बुडवून ठेवलेली असे. पाहुणे आले की चहाच्या आधी वाटी दाखवली जायची. मामंजी तिला 'सरकारी माल' म्हणत आणि कुणाला हात लावू देत नसत.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणे. त्यांचे दात पंचेचाळिशीच्या आतच गेले होते. दाढ ठणकली की मिश्री लावायची, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड. तेवढ्यापुरतं बधिर होतं, आणि मग सवय जडते ती जडतेच. फारच सुजलं की गावचा न्हावी चिमट्यानं दाढ उपटायचा. आमटीत भाकरी कुस्करून खाताना त्यांना एकच ध्यास असायचा, मरायच्या आधी एकदा ज्वारीचा कोवळा हुरडा चावून खायचा. दर सुगीला त्या हे मला सांगत आणि मला हसू यायचं. आता त्या हसण्याची लाज वाटते.

दुसरं महायुद्ध संपलं त्या वर्षीच्या थंडीत सांगलीहून दातांचे एक डॉक्टर शाळेत भाषणाला आले. अध्यक्ष अर्थात मामंजी. दातांच्या बाबतीत गावात त्यांच्याइतका अनुभवी कोण होता? मंडळींसाठी हुरडा भाजला होता. आणि नेमकी त्याच सकाळी वाटी रिकामी! मामंजींनी मांजराला शिव्या घातल्या, घुशीचं बीळ खणलं, गड्याला उकिरडा उपसायला लावला. शेवटी फेटा बांधून, ओठ घट्ट मिटून खुर्चीवर जाऊन बसले. अध्यक्षीय भाषण त्यांनी मान हलवून केलं.

डॉक्टर भले होते, पण तापट. बायकांच्या घोळक्याकडे बोट करून म्हणाले, तुमच्या तोंडांची ही दशा आळसानं आणि मिश्रीनं झाली आहे, पलटणीतल्या माणसांकडून काही शिका. बायकांनी पदर तोंडावर ओढले. माझ्या शेजारी आत्याबाईंचा पदर सकाळपासूनच ओढलेला होता, आणि त्याच्याआडून कटकट आवाज येत होता. मला वाटलं, थंडी वाजतेय. बोळक्या तोंडातून कटकट कशी येईल, हे डोक्यात शिरायला मला जरा वेळ लागला.

तेवढ्यात त्या उठल्या. चार माणसांत कधी मोठ्यानं बोलली नव्हती ती बाई भर सभेत उठली. पदराआड हात घालून त्यांनी कवळी काढली, पुसली आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. तरी एक हिरवा दाणा चिकटून राहिलाच होता.

"आवं डाक्तर," त्या म्हणाल्या, "ह्यांची दाढ दुखली तवा सरकारनं डाक्तर दिला. माजी दुखली तवा सासूनं मिश्रीची डबी दिली. मग आळशी कोण हुतं, तेवडं सांगा."

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि तो पुसत राहिले. मामंजी ताडकन उठले, पण दातांशिवाय रागावणं त्यांना जमेना. तोंडातून नुसती हवा आली. मग खाली बसून ते बराच वेळ बायकोच्या तोंडाकडे पाहत राहिले. मला वाटतं, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

डॉक्टरांनीच मिरजेच्या दवाखान्यात सांगून ठेवलं. दोन महिन्यांनी आत्याबाईंची स्वतःच्या मापाची कवळी आली. हुरडा तोवर संपला होता, म्हणून त्या उंबऱ्यावर बसून फुटाणे खायच्या, आळीला ऐकू जाईल असे. आणि खाऊन झाले की सवयीनं नव्या दातांना मिश्री लावायच्या.

पुढच्या वर्षी माझी दाढ ठणकली. मी डबीकडे हात नेला, तर त्यांनी ती उचलून परड्यात भिरकावली. मामंजी म्हणाले, बायकांचं दुखणं ते, चार दिवस बघू. आत्याबाईंनी देवळीतली मामंजींची वाटी कवळीसकट उचलली आणि पदराखाली धरली.

"आदी गाडी जुपा," त्या म्हणाल्या.

ती दाढ अजून माझ्या तोंडात आहे.